एकसष्टावा किलोमीटर

कोसमटोलीत एक नियम होता. दिवेलागण झाल्यावर शिवारातून हाक आली तर ओ द्यायची नाही. हाक ओळखीच्या आवाजात आली तर मुळीच नाही. परका आवाज एखाद्या वाट चुकलेल्या माणसाचा असू शकतो, पण अंधारात ओळखीचा आवाज घेऊन जे येतं ते माणूस नसतंच. ओ द्यायची नाही आणि हाताशी असलेला दिवा विझवायचा. ‘का? काहून?’ म्हणून विचारायचं नाही, हाही त्या नियमाचाच भाग.

शालूनं सात वर्षांची असताना ‘काहून’ विचारलं तेव्हा थापड बसली. भंडाऱ्याला होस्टेलवर राहून शिकताना, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, पुन्हा विचारलं तेव्हा ‘शिकून शेफारली’ असं उत्तर मिळालं. दोन्ही उत्तरांत तिला फारसा फरक दिसला नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता, एकोणीस डिसेंबर, मार्गशीर्षाची अवस. रात्री साडेआठला ती मोठेबाबांचा डबा घेऊन खळ्यावर निघाली. धान चुरायचं, म्हणजे मळायचं, बाकी होतं, भाऱ्यांचे रचलेले पुंजणे तसेच उभे होते आणि रानडुकरांच्या धास्तीनं मोठेबाबा आठ दिवसांपासून तिथंच झोपत होते. डब्यात भात, वांग्यात घातलेले वालाचे दाणे आणि लाल मिरचीचा ठेचा. डब्याखाली एक घडी केलेला परवानगीचा कागद. डबा हे निमित्त होतं. काम होतं ते कागदाचं.

पुढच्या शनिवारी, सत्तावीस तारखेला, ऐंशी किलोमीटरची शर्यत होती. डांबरी रस्त्यावरची नाही, तर जंगलातल्या पायवाटांवरून, डोंगरावरून, धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून जाणारी. दुपारी बाराला तुमसरहून निघायचं, चिखल्याच्या अंगानं डोंगर चढून उतरायचं आणि सोळा तासांच्या आत तुमसरला परत यायचं. एकसष्टाव्या किलोमीटरला ही वाट कोसमटोलीच्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, जात होती. तिथं शाळेच्या व्हरांड्यात रात्रभर एक चौकी हवी होती: पाणी, मीठ, उकडलेले बटाटे, एक दिवा आणि जागी राहणारी दोन माणसं. सरपंच म्हणाला होता, "मारोतराव हो म्हनले का चावी घेऊन जा." मारोतराव म्हणजे शालूचे मोठेबाबा, वडलांचे थोरले भाऊ. चिखल्याच्या खाणीतून रिटायर झालेले, गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. ते तीन आठवडे हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. त्यांना उत्तर द्यायची घाई नसते, कारण धावायचं दुसऱ्याला असतं.

धावायचं शालूलाच होतं. शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. इथं चौकी नसेल तर अठ्ठेचाळीसपासून सत्तरपर्यंत बावीस किलोमीटर ना पाणी, ना माणूस. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या शर्यतीला, तसंच होतं. त्या वर्षी चंद्रकुमार गेला.

चंद्रकुमार तुमसरचा, वरठीला स्टीलच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी उरकून रविवारी सायकलनं कोसमटोलीला यायचा, कारण डोंगराचा चढ इथं होता. पाळीवर त्याच्यामागं धावत सुटणारी शालू ही गावातली एकटीच. त्यानंच तिला शिकवलं. पहिले वीस किलोमीटर इतके हळू जा, की स्वतःची लाज वाटली पाहिजे. चढ आला की चाल. चढावर धावणारा उतारावर रडतो. भूक लागायच्या आधी खा, दर अर्ध्या तासाला दोन घास, मन असो नसो. शनिवारी तीस धावलीस तर रविवारी त्याच दुखत्या पायांनी पुन्हा वीस धाव. ताज्या पायांनी कोणीही धावतो, थकलेल्या पायांना शिकवावं लागतं. आणि शर्यतीच्या आधीचा आठवडा पायांना उपाशी ठेव, म्हणजे ते आपणहून धाव मागतात. धावून झालं की मोठेबाबांच्या ओसरीवर बसून तो दोन कप चहा प्यायचा आणि वर तिसरा मागायचा.

तो तलावाच्या सलंगाखाली सापडला. तलाव भरला की जास्तीचं पाणी ज्या दगडी उतारावरून खाली जातं, तो सलंग. रविवारी सकाळी, पाय मोडलेला, अंग ओलं. त्याची आई निर्मलाबाई तुमसरहून आली तेव्हा गावानं तिला सांगितलं: डोक्यावर पडला, जागीच गेला, तडफडला नाही बाई. त्या एका वाक्यावर ती बाई दोन वर्षं जगत होती.

खळ्यावर शेकोटी पेटलेली होती. मोठेबाबा, त्यांची म्हातारी आई जनाबाई आणि नातवंडं पिंटू आणि गुड्डी. पिंटू तुमसरला राईस मिलमध्ये हमाली करायचा आणि उरलेल्या वेळात शालूची मापं काढायचा.

"आली आमची एक्सप्रेस," तो म्हणाला. "तुमसर रोडले थांबतच नाही."

"तुझ्यासारखी पॅसेंजर नाही ना मी. दर झाडापाशी उभी राहाले."

जनाबाईनं शालूचं मनगट चाचपलं. "पोट्टी वाळून गेली धावू धावू. कोन करन हिच्यासंग लगन?"

"जो माझ्यामागं ऐंशी किलोमीटर धावंल त्याच्यासंग करीन, आजी."

"मंग राह्य कुवारी," म्हातारी म्हणाली आणि गुड्डी फिस्सकन हसली.

मोठेबाबांनी डबा घेतला, कागद घेतला, कागद न वाचताच मांडीखाली सारला आणि जेवायला लागले.

"मोठेबाबा, सही."

"उद्या पाहू."

"तीन हप्त्यापासून उद्याच होऊन राहिलं."

"तुले घाई कायची हाये?"

"शनिवारी मी येऊन राहिली या पाळीवरून. रात्री साडेदहाले. अंधारात, एकसष्ट किलोमीटर झाल्यावर. मले घाई नाही तर कोनाले राहील?"

ते जेवले. हात धुतला. शेकोटीत एक बुडखा सरकवला. मग खाणीत माणसं मोजतात तसं एकेका तोंडाकडे पाहून घेतलं.

"बस खाली," ते म्हणाले. "तुले एक गोठ सांगतो. खरी हाये. माह्या माहितीतल्या मानसाची, आपल्या हेमराजची. आयकल्यावर तू सोताच तो कागद या आगीत टाकशील."

शालू बसली. सही पाहिजे असेल तर म्हाताऱ्यांची गोठ ऐकावी लागते. हा नियम कुठं सांगितलेला नसला तरी तिला पाठ होता.

मोठेबाबांनी सुरुवात अगदी साधी केली. सोळा डिसेंबर, दोन वर्षांमागची. शनिवार, चवथ. हेमराज जेवून घरून निघाला. खांद्यावर कांबळं, हातात बॅटरी, खिशात बिडीचं बंडल. पाळीखालच्या बांधीत त्याची मचाण होती. त्या संध्याकाळी रंगीत कपड्यांतले पोट्टे पाळीवरून धावत गेलेले त्यानं पाहिले होते. अंधार पडल्यावरही दोन-चार गेले. आठनंतर कोणी आलं नाही. हेमराजला वाटलं, संपले. साडेनऊच्या सुमारास चवथीचा चंद्र डोंगरामागं गेला. थंडी अशी, की बिडी पेटवायला बोटं वळेनात.

"अन् पावनेबाराले," मोठेबाबा म्हणाले, "पाळीवर दिवा दिसला."

गुड्डी शालूला चिकटून बसली.

"हातातला नाही. कपाळाच्या उंचीवर. मानूस दिसे ना, पाय दिसे ना. नुसता दिवा. हळूहळू येऊन राहिला. सलंगावर आला... थांबला... अन् खाली गेला. पान्याचा आवाज झाला. मंग काहीच नाही."

शेकोटीत लाकूड तडकलं.

"मंग हाक आली. हेमराजभाऊ... ओ हेमराजभाऊ... आवाज चंद्रकुमारचा. हुबेहूब. अन् पोरी, चंद्रकुमार तर नवालेच गेला होता."

"नवाले कसा?" शालू म्हणाली.

"मधात बोलू नको. त्याचा मोबाइल नवाले बंद झाला. पोलिसानंच सांगतलं. मानूस नवाले गेला अन् हाक पावनेबाराले आली. मंग ती हाक कोनाची?"

शालूच्या आत काहीतरी मोजायला लागलं होतं, पण अजून बेरीज जुळली नव्हती.

"हेमराजनं ओ देली नाही. बॅटरी विझोली. हाक पुन्हा आली. अन् मंग तो विचारे..." मोठेबाबा थांबले. त्यांचा आवाज खाली आला. "किती राहिलं? भाऊ, किती राहिलं?... असा. रडत नोयता. नुसता विचारे. आपन टेसनावर विचारतो ना, गाडीले किती टाइम हाये म्हनून, तसा. किती राहिलं... किती राहिलं..."

हा प्रश्न शालूला माहीत होता. पन्नासच्या पुढं प्रत्येक धावणारा हाच प्रश्न विचारतो, भेटेल त्याला, झाडालासुद्धा. चंद्रकुमार सांगायचा, उत्तर खरंच द्यायचं. ‘थोडंच राहिलं’ असं कधी म्हणायचं नाही. थकलेल्या माणसाला खोटं अंतर सांगणं म्हणजे त्याच्या डब्यातला घास चोरणं.

"गावात आयकू गेली हाक," मोठेबाबा म्हणाले. "नियम सगळ्यायले ठावा होता. एकेक लाइट विझला. पहिले आंब्याखालच्या घराचा. मंग शाळेजवळचा. मंग वरच्या टोलीतले. सारं गाव अंधार झालं. अन् तो विचारूनच राहिला."

"कवरीक टाइम?" पिंटूनं विचारलं. त्याच्या आवाजातली मस्करी गेलेली होती.

"अडीच वाजेपर्यंत."



पण गोठ तिथं संपत नव्हती. खरी भुताची गोठ म्हणतात ती पुढंच होती. मागच्या वर्षी, त्याच तारखेला, हेमराज त्याच मचाणीवर. बिडी विझलेली. डोक्यावरून कांबळं. पावणेबाराला पाळीवर पावलं वाजली. टप... टप... टप... धावणाऱ्याची नाही, धावून थकलेल्याची. एक पाय ओढत. पावलं पाळीवरून बांधीत उतरली. धुऱ्यावरून आली. मचाणीखाली थांबली. हेमराजला श्वास ऐकू आला. ओला. खालून. मचाणीच्या फळ्यांच्या फटीतून उजेड वर आला, कपाळाएवढा. कांबळ्याच्या विणीतून डोळ्यावर पडला.

किती राहिलं?

हेमराजनं जीभ दातात धरली. ओ दिली नाही.

किती राहिलं, भाऊ?

नाही दिली.

मग तो उजेड तिथंच राहिला. तांबडं फुटेपर्यंत.

"सकाळी हेमराज खाली उतरला, मले एवढं सांगतलं अन् मुका झाला," मोठेबाबा म्हणाले. "तवापासून एक शबद नाही. पोरीकडं वरठीले राहते. खाते, पेते, टुकूर टुकूर पाह्यते. म्हनून म्हनतो शालू, तो कागद टाक आगीत. इथून मानसं नेऊ नको रातची. तो अजून विचारून राहिला, अन् कोन्या दिवशी कोनी ओ देल."

शालूची बेरीज जुळली होती. ती एकदम उभी राहिली नाही, ओरडली नाही. तिच्याकडून असं शांत बसणं घरात कोणी पाहिलेलं नव्हतं.

"त्या रात्री अठ्ठेचाळीसच्या चौकीवर मी होती," ती म्हणाली. "वही माझ्याकडं होती. कोन किती वाजता आला, किती वाजता गेला, मी लिहून राहिली होती. चंद्रकुमार आठ वाजून पाच मिनिटांनी आला. सोताचाच नियम मोडून आला होता. नागपूरच्या पोट्ट्यांसंग पहिले तीस किलोमीटर सुसाट पळाला. चिखल्याले लोकायनं टाळ्या वाजवल्या न, म्हनून. चाळीसले पोट फिरलं. चौकीवर सव्वा तास पडून होता. मी त्याले मीठ घालून भाताची पेज पाजली. नवाले त्यानं माझ्यासमोर मोबाइल बंद केला, चार्ज वाचवाले. अन् नऊ वीसले उठला. मी म्हटलं, बस आता, गाडी बोलावू. म्हने, चालत जाईन, टाइम हाय अजून. मी जाऊ देलं."

ती मोठेबाबांकडं वळली.

"चौकीपासून सलंगापर्यंत तेरा किलोमीटर. दुखत्या पोटानं, चालत, किलोमीटरले अकरा मिनिटं. काढा हिशोब, मोठेबाबा. किती वाजते?"

पिंटू बोटांवर मोजायला लागला आणि मध्येच थांबला.

"पावनेबारा," गुड्डी म्हणाली.

"जिता होता तो," शालू म्हणाली. "पाय मोडून थंड पान्यात पडला होता. गावातले लाइट दिसून राहिले होते त्याले. अन् ते एकेक करून..."



मग जनाबाई, कोणाकडे न पाहता, म्हणाली, "शाळेजवळचा लाइट मीच विझोला. म्या आयकलं. साऱ्यायनंच आयकलं. तूही त्या राती गावात असती, तर तुह्या मायनं तुहं तोंड दाबून धरलं असतं."

"आजी, त्यानं तुझ्या ओसरीवर चहा पेला होता."

"म्हनूनच तं," म्हातारी म्हणाली. "वळखीचा आवाज होता."

मोठेबाबांचे हात गुडघ्यांवर होते. खाणीत तीस वर्षं काम केलेले हात, ते आता नुसते ठेवल्यासारखे दिसत होते.

"हेमराजचं नाव नोयतं घेतलं त्यानं," ते म्हणाले. "मचानीवर आमी दोघं होतो, एका कांबळ्यात. तो मले बोलावे. मारोतकाका... ओ मारोतकाका... हेमराज उठत होता. म्या त्याले दाबून बसवलं."

शालू उभी राहिली.

तेव्हाच गुड्डीनं तिचा हात घट्ट पकडला.

पाळीवर दिवा होता.

लहान. पांढरा. कपाळाच्या उंचीवर.

खाली काही नव्हतं.

तो हलत होता. एक पाऊल. थांबा. एक पाऊल. थांबा.

जनाबाईनं तांब्या उचलला आणि शेकोटीवर उपडा केला. वाफ उठली. मोठेबाबांनी हात लांबवून खळ्यावरचा बल्ब बंद केला.

अंधार.

आणि मग...

"किती... राहिलं..."

दूरवरून. पाण्यावरून आल्यासारखं.

"चूप," मोठेबाबा कुजबुजले. "शालू. चूप. ओ देजो नको. पाया पडतो तुह्या."

त्यांनी खरंच अंधारात तिचे पाय धरले.

शालूच्या गळ्यात तिचा कपाळदिवा होता, जेवणानंतर थोडं पळायचं म्हणून आणलेला. दोनदा बटण सापडलं नाही. तिसऱ्यांदा उजेड पडला.

पाळीवरचा दिवा थांबला. वळला. त्यांच्याकडे.

"किती राहिलं?"

"ओ!" शालू ओरडली. आवाज फाटला. ती पुन्हा ओरडली. "ओ, चंद्रभाऊ! एकोणीस राहिले! खोटं नाही सांगत, एकोणीस! पन आधी शाळा हाय! सहाशे मीटर! पाळ संपली का डावीकडं! बस तिथं! पानी पे!"

उत्तर आलं नाही.

दिवा तसाच उभा होता. मग चालू लागला. पाळीच्या टोकापर्यंत. डावीकडे वळला. घरांच्या आड गेला.

कुत्रं भुंकलं नाही.

एक मिनिट. दोन.

मग शाळेच्या बाजूनं बोरिंगचा दांडा वाजायला लागला. किर्र... खट. किर्र... खट. सावकाश, थकलेल्या हातानं. खूप वेळ. मग थांबला.

शालू निघाली. गुड्डी तिच्या मागं, गुड्डीमागं पिंटू. मागून काठीचा आवाज आला. जनाबाई आणि तिला धरून मोठेबाबा. गावात दोन-तीन घरांचे लाइट लागलेले होते, खिडकीत माणसं उभी होती आणि एकानंही ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही. ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

शाळेच्या आवारात कोणी नव्हतं. बोरिंगचा सिमेंटचा ओटा ओला होता. चांगला ओला, पाणी नालीतून वाहत जाऊन कुंपणाच्या मेंदीखाली साचलं होतं. दांडा वर होता आणि किंचित हलत होता. शालूनं दिवा चारही बाजूंनी फिरवला. मग ती ओट्याच्या कडेला बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच रडत होती. तोपर्यंत तिला फक्त राग येत होता.

मोठेबाबा जवळ येऊन उभे राहिले. खिसा चाचपून त्यांनी एक किल्ली काढली. शाळेची. म्हणजे ती तीन आठवडे त्यांच्याच खिशात होती.

"घे," ते म्हणाले. "सहीबी करतो. चौकी लाव. मी सोता रातभर बसतो इथं, तू म्हनशील तं. पन एक कर, माय. त्या राती आमी आयकलं, हे या गावाच्या बाहेर जाऊ नको देऊ. निर्मलाबाईले तं अजिबात नाही. ती ‘जागीच गेला’ म्हनून जगून राहिली. तिले कायले मारतं दुसऱ्यांदा?"

"बराबर बोलून राहिला मारोती," जनाबाई म्हणाली. "मेलेला मेला. जित्याची अब्रू राहू दे."

शालूनं डोळे पुसले. किल्ली तिच्यासमोर होती. ती घेतली असती तर शनिवारी इथं दिवा लागला असता, बटाटे उकडले असते आणि ज्यानं विचारलं त्याला कोणीतरी उत्तर दिलं असतं. तिला हेच तर हवं होतं.

"ठेवा चावी तुमच्याजवळ," ती म्हणाली. "शाळा नाही भेटली तर इथं, या ओट्यापाशी, ताडपत्री बांधू. माझ्या कॉलेजातले भंडाऱ्याचे पोट्टे येतील, दिवा आनतील. नाही आले तर मी शर्यत सोडून देईन अन् सोता बसीन. पन सकाळच्या पहिल्या बसनं मी तुमसरले जाऊन राहिली. निर्मलामावशीकडं."

"शालू..."

"तो जागीच नाही गेला, मोठेबाबा. तीन तास त्यानं तुमचं नाव घेतलं. त्याच्या मायले हे ठावं असाले पाहिजे. मंग ती तुमाले शिव्या देईल, नाही तर माफ करंल. ते तिचं तिनं ठरवावं. तुमी नाही. मी नाही. मी चूप राहनार नाही."

तंटामुक्तीचे अध्यक्ष, ज्यांच्याकडे गावातल्या प्रत्येक भांडणावर एक शब्द तयार असायचा, ते उभेच राहिले. किल्ली हातात तशीच. जनाबाईनं तोंडावर पदर घेतला. कुंपणापलीकडे दोन-चार म्हातारी माणसं येऊन थांबली होती.

पिंटू ओट्यावर चढला. काही तरी करावं म्हणून त्यानं दांडा धरला आणि हापसला. एकदा, दहादा, तीसदा. आत नुसती साखळी खडखडली. थेंब आला नाही.

"कसा येईल?" गुड्डी हळूच म्हणाली. "पोळ्यापासून बंद हाये ना हे बोरिंग. त्याचा पाइपच काढून नेला मिस्त्रीनं."

पिंटूनं दांडा सोडला. त्याच्या चपलांभोवती पाणी होतं.